वाढव म्हणजे वाढव

शिंपिणीची सासू दुकानातल्या सर्वांत महागड्या गादीवर चढली आणि कुशीवर वळून चक्क घोरायला लागली, तेव्हा कुठे थोरल्याच्या लक्षात आलं की हे प्रकरण आपल्याला वाटलं तितकं सोपं नाही. ती गादी स्प्रिंगची होती. तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. गिऱ्हाइकांनीसुद्धा ती फक्त बोटानं दाबून बघायची असा त्याच्या वडिलांचा, अप्पांचा, दंडक होता. आजवर तिच्यावर टेकले होते ते एकटे धाकट्या भावाचे सासरे, तेही लग्नात रुसले होते म्हणून, आणि समजूत पटताच त्यांना उठवलं होतं.

"बाई, त्यांना उठवा," थोरला शिंपिणीला म्हणाला.

"तुम्हीच उठवा भाऊ. सकाळी तुम्हीच उठवलंत, आता तुमच्या हाताची सवय झाली असेल त्यांना."

बँडवाला खुदकन हसला. तो उशांच्या ढिगाला टेकून बसला होता आणि संध्याकाळी लग्नात वाजवायचं त्याचं क्लॅरिनेट मागच्या इमारतीत, थोरल्यानं लावलेल्या कुलपाआड होतं. तरी हसला. त्या इमारतीतली पाचही बिऱ्हाडं आता दुकानात होती. बोचकी होती, स्टोव्ह होते, एक पिंजरा होता आणि दाराशी शिंपिणीचं पायानं चालवायचं मशीन होतं. सकाळी माणसं बोलावून थोरल्यानं सगळ्यांना अंगणात काढलं, खोल्यांना कुलपं घातली आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात दुकान उघडलं. अंगणात ऊन होतं. समोर दुकान होतं आणि दुकानात गाद्या होत्या. लोकांनी दुसरं काय करायचं?

थोरला दुष्ट नव्हता. दुष्टपणाला थोडी स्वतःची बुद्धी लागते, आणि त्यानं जन्मभर अप्पांचीच वापरली होती. घशाच्या ऑपरेशनला आत नेताना अप्पांनी त्याचा हात धरून सांगितलं होतं, "मी येईपर्यंत मागची इमारत वाढवून टाक." मग डॉक्टरांनी घशातलं काय ते काढलं आणि महिनाभर अवाक्षर काढायचं नाही, अशी ताकीद दिली. आवाज परत येईल का, या प्रश्नाला ते "बघू" म्हणाले. म्हणजे वडिलांचा हा शेवटचा शब्द ठरायची शक्यता होती. तो मोडायचा कसा?

आता 'वाढव' म्हणजे काय, हे या घरात कुणाला सांगावं लागत नाही. पणजोबांनी एका संध्याकाळी शेजाऱ्याला "आज लवकर बंद करतो" म्हटलं आणि पहिलं दुकान कापसासकट जळालं, अशी या घराची जुनी हकिकत आहे. त्या दिवसापासून 'बंद' हा शब्द घराण्यातून हद्दपार झाला. लोक दुकान वाढवतात, तेवढं समजू शकतं. या घरात कपाट वाढवतात, रेडिओ वाढवतात, नळसुद्धा वाढवतात. एकदा नवा नळवाला "नळ वाढवा" ऐकून आणखी दोन नळ बसवून गेला होता.

"गोदामवाला येईल आता ताबा घ्यायला," थोरला कुणाकडेच न बघता म्हणाला. "संध्याकाळी त्याची पोती उतरणार आहेत. तुम्ही लोकांनी काहीतरी सोय बघा."

"बघितली की," शिंपीण म्हणाली आणि शेजारच्या गादीवर नीट मांडी घालून बसली. "ही मऊ आहे."

*

मागे कापसाच्या खोलीत थोरल्याची बायको चहा गाळत होती. तिला सगळे वहिनीच म्हणत. दीर, नणंद, गिऱ्हाइकं, आणि घाईत असला की नवरासुद्धा. लोकांना चहा देऊ नकोस, असं नवऱ्यानं बजावलं होतं, म्हणून तिनं आधण मोठ्या पातेल्यात टाकलं होतं.

"तू त्यांना चहा पाजतेस म्हणजे ते हलणारच नाहीत," अक्का म्हणाली. अक्का थोरल्याची मोठी बहीण, शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली. आज ती खास आली होती, कारण मागच्या इमारतीतली पुढची खोली तिच्या शिकवणीला द्यायचं थोरल्यानं कबूल केलं होतं. पर्समधून मोजपट्टीचं टोक डोकावत होतं.

"अक्का, एक विचारू? वाढवणे या शब्दाचा अर्थ काय?"

"कुठला? ताट वाढणे की..."

"वाढव. एखादी इमारत वाढव."

अक्काला शब्दाबद्दल विचारलं की तिचा चेहरा उजळायचा. "साधा अर्थ आहे. मोठी कर. खोल्या काढ, मजला चढव." मग ती थबकली. "अगं, पण आपल्या घरात..."

"आपल्या घरातलं सोडा. मराठीत काय?"

अक्का तिच्याकडे बघत राहिली. "वहिनी, तू काय करते आहेस?"

"चहा," वहिनी म्हणाली.

खरं तर ती खोटं बोलायची तयारी करत होती. अप्पांनी ती आज्ञा दिली तेव्हा खाटेच्या पायथ्याशी तीच उभी होती. बोलताना अप्पांनी हवेत किल्ली फिरवल्यासारखी बोटं फिरवली होती. शंकेला जागाच नव्हती. पण सकाळी अंगणात शिंपीण तिला म्हणाली होती, "आदल्या दिवशी सांगितलं असतं, तर तुमच्या खोळी तरी पुऱ्या करून दिल्या असत्या." घरातून बाहेर काढलेली बाई तुमच्या खोळींचा विचार करते! दुकानातल्या प्रत्येक गादीची खोळ तिनं शिवलेली होती. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नवऱ्याला समजावून झालं, रागावून झालं, रडूनही झालं. तो एकच म्हणाला, अप्पांचा शब्द आहे. बरं, शब्द तर शब्द. मग आपणही शब्दच धरायचा, असं तिनं ठरवलं.

"मी या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी," ती अक्काला म्हणाली, "अप्पा मला म्हणाले, पंखा वाढव. मी पूर्ण सोडला. त्यांना आधीच ताप होता. आठवडाभर शिंकत होते. चूक माझी होती का?"

"शब्दाकडे बघितलं तर नव्हती."

"झालं तर मग. भांडणात एवढं एक वाक्य बोलाल?"

अक्कानं पर्स छातीशी धरली. पुढच्या खोलीला छान उजेड होता. फळा कुठे लावायचा हेही तिनं ठरवलं होतं. "मला यात ओढू नकोस," ती म्हणाली आणि चहाचा ट्रे मात्र उचलून बाहेर आली.

*

शिंपिणीची सासू उठून बसली होती. पुढ्यात कुणीतरी पाव ठेवला होता आणि ती त्याच्याकडे नुसती बघत होती. अक्कानं कप पुढे केला तशी ती तोंडावर हात धरून म्हणाली, "आत आत आयले."

"सकाळपासून हेच चाललंय," थोरला करवादला. "आत आत. अहो आजी, आत काही राहिलं असेल तर नंतर मिळेल!"

"आत," म्हातारीनं हिरड्यांवर बोट ठेवलं. "आत आत आयले!"

अक्कानं ट्रे खाली ठेवला. दात आत राहिले. वाटीत पाण्यात ठेवलेले असणार, तोंड धुवायच्या आधीच यांना बाहेर काढलं असणार. शिंपिणीनं सासूची लाज राखायला तोंड मिटलं असावं, पण दुकानातल्या बाकीच्या माणसांत ते एकट्या अक्काला कळलं, आणि कसं कळलं हे तिला मेली तरी सांगता आलं नसतं. तिची खालची सगळी पंगत खोटी होती. ही गोष्ट तिनं नवऱ्यापासून तो जाईपर्यंत लपवली होती. रोज सकाळी ती पहिल्यांदा वाटीकडे हात नेई आणि मगच दार उघडी. कुणी आपल्याला तसंच उचलून चारचौघांत, अंगणात आणून उभं केलं असतं तर?

"अरे गाढवा," ती थोरल्याला म्हणाली. शाळेतला आवाज लागला होता. "त्यांचे दात कोंडलेस तू!"

"काय केलं मी?"

"दात! कवळी! सकाळपासून त्यांच्या पोटात काही नाही!"

"मला काय माहीत? मी तोंडं तपासून कुलपं लावू का?"

"मग उघड."

"अक्का, तूसुद्धा? तुला खोली हवी ना?"

"नको मला खोली," अक्का म्हणाली. बोलून गेल्यावर तिला क्षणभर उजेडाचं वाईट वाटलं, पण शब्द सुटला होता.

नेमका तेव्हाच गोदामवाला आला. माणूस हसतमुख होता. दुकानातली गर्दी बघून त्यानं थोरल्याचं अभिनंदन केलं. "धंदा जोरात आहे! चला, खोल्यांची मापं घेऊन टाकू, ट्रक निघालाय."

"मापं कसली?" वहिनी पदर खोचून पुढे आली. "इमारत वाढवायची आहे. अप्पांची आज्ञा आहे. खोल्या वाढवायच्या, वर मजला चढवायचा. आणि राहणारी माणसं आहेत तिथेच राहणार."

थोरल्यानं बायकोकडे असं बघितलं, जणू ती परभाषेत बोलली.

"अगं, काहीतरीच काय! अप्पा म्हणाले वाढव. म्हणजे..."

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्याकडे वाढव म्हणजे..."

"म्हणजे काय, अहो? सांगा ना. सगळ्यांना कळू दे."

थोरल्यानं ओठ उघडले, मिटले. "म्हणजे उघडं असतं ना, त्याच्या उलट!"

"वाढवणे म्हणजे मोठं करणे," अक्कानं ठणकावलं. "हवं तर कोशात बघ. उलटबिलट काही नाही."

"अक्का, तुला पक्कं माहितीये!"

"मला जे माहितीये ते तू बोलून दाखव. एक शब्द आहे. दोन अक्षरांचा."

थोरला लाल झाला. बँडवाल्यानं त्याला धीर दिला, "बोला भाऊ, बोला, येईल." पाच बिऱ्हाडं श्वास रोखून बघत होती. त्यांना त्या घराचा नेम ठाऊक होता. इतकी वर्षं शेजारी राहून नळ वाढवायला तीही शिकली होती.

गोदामवाल्याला मात्र काही ठाऊक नव्हतं. मदत करावी म्हणून तो म्हणाला, "बंद?"

आणि दिवे गेले.

पंखे थांबले. वहिनीनं तोंडावर पदर धरला. थोरला मटकन खाली बसला, नेमका म्हातारीच्या शेजारी, स्प्रिंगच्या गादीवर. या चौकात रोजच याच वेळी वीज जाते, हे त्या क्षणी कुणाला आठवलं नाही, आणि आठवलं असतं तरी उपयोग नव्हता.

"दुकानात उभं राहून?" थोरला क्षीण आवाजात म्हणाला. "तुम्ही दुकानात उभं राहून बोललात?"

"अहो, पण मी फक्त..."

"तुम्ही आधी पायरीखाली उतरा बघू," अक्का म्हणाली. कोशावर विश्वास असलेली अक्कासुद्धा.

*

इस्पितळातून घरी सोडलेल्या अप्पांना गाडीतून उतरताना आधी दिसलं की दुकान माणसांनी भरलंय. जीव सुपाएवढा झाला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्यांना वाटलं होतं, आपण जाणार, आणि मागच्या इमारतीवरून पोरं एकमेकांच्या उरावर बसणार. म्हणून म्हटलं, ते भांडणाचं मूळच वाढवून टाकावं, एकरकमी कुणाला तरी देऊन मोकळं व्हावं. तिथे राहणाऱ्यांचा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. मरायला निघालेल्या माणसाला फक्त स्वतःचीच माणसं दिसतात.

मग त्यांना कळलं की ही गिऱ्हाइकं नाहीत.

सगळे एकदम बोलायला लागले. थोरला म्हणाला, अप्पा तुम्हीच सांगा. वहिनी म्हणाली, अप्पा तुम्ही वाढव म्हणालात की नाही? अक्का म्हणाली, व्याकरणानं बघा. अप्पांना इस्पितळातून घेऊन आलेला धाकटा आधी म्हणाला, "दादाचं बरोबर आहे," मग वहिनी बोलल्यावर म्हणाला, "हो, तेही बरोबर आहे," आणि पायरीखालून गोदामवाला बोलला तेव्हा त्यालाही मान डोलावून बसला.

थोरल्यानं वडिलांच्या गळ्यातली पाटी त्यांच्या हातात दिली. इस्पितळातून येताना धाकट्यानं ती घेतली होती. "लिहा अप्पा. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते लिहा. तुम्ही लिहाल तसं करतो."

अप्पांनी सुनेकडे पाहिलं. ती खाटेच्या पायथ्याशी होती, तिनं बोटं पाहिली होती, तिला सगळं ठाऊक होतं. आणि तरी ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत उभी होती. पदराचं टोक मुठीत चुरगळत होतं, पण नजर हलत नव्हती. अप्पांना संताप आला. या घरात शब्दांचा खेळ कुणी करायचा तर तो आपण, असं त्यांना वाटत आलं होतं.

त्यांनी पेन्सिल टेकवली आणि ठसठशीत 'ब' काढला.

वहिनीनं डोळे मिटून घेतले. शिंपीण उठून उभी राहिली आणि मशीनचा पट्टा काढायला लागली, उचलायला सोपं जावं म्हणून.

अप्पांचा हात मात्र पुढे जाईना. लहानपणी शुद्धलेखनात हा शब्द आला की ते जागा कोरी सोडत आणि मास्तरांच्या छड्या खात. आज लिहायचा? आणि कशासाठी लिहायचा? घशाला पट्टी होती. पट्टीच्या आत जिथे आवाज असायचा तिथे काही नव्हतं. परत येईल का, तर बघू. अशा वेळी आपल्याच हातानं तो शब्द लिहायचा आणि गळ्यात लटकवून घ्यायचा? त्यांना एकाएकी भयंकर भीती वाटली. मरणाची वाटली होती त्याहून जास्त. ते तोंड उघडून मिटत होते, बोलायच्या जुन्या सवयीनं.

म्हातारी ते बघत होती. ती गादीवरून घसरत उतरली आणि त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. त्यांच्या मिटणाऱ्या, उघडणाऱ्या ओठांकडे तिनं जवळून पाहिलं. तिचा चेहरा कळवळला.

"उमचे पन आत?" तिनं विचारलं.

अप्पांना कळेना. त्यांनी अक्काकडे बघितलं.

"त्यांचे दात खोलीत कोंडले गेलेत, अप्पा," अक्का हळूच म्हणाली. "त्या विचारतायत, तुमचेपण आत राहिले का."

कुणालाही हसू यायला हवं होतं. बँडवाल्यालाही आलं नाही. म्हातारीनं अप्पांच्या दंडावर थोपटलं, काळजी करू नका, मिळतील, असं काहीतरी ती पुटपुटली, आणि वळून थोरल्याला तिच्या त्या भाषेत रागावली की या म्हाताऱ्या माणसाचं तरी आधी बघ.

अप्पा 'ब'कडे बघत होते. मग त्यांनी त्याच्यापुढे एक 'र' काढला, आणि वर टिंब दिलं.

"बरं," अक्कानं मोठ्यानं वाचलं. तिला चष्मा पुसावा लागला, म्हणून तिनं ते पुन्हा वाचलं. "बरं म्हणतायत."

"काय बरं?" थोरला गोंधळून गेला. "कुणाचं बरं? माझं की हिचं?"

अप्पांनी तळहातानं पाटी पुसून टाकली आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला.

ते स्वतः मागच्या इमारतीकडे गेले. धाकटा त्यांना धरून होता, मागून बोचकी येत होती, आणि पार रस्त्यावर गोदामवाला ट्रकवाल्याला फोन करून ओरडत होता. पहिली खोली शिंपिणीची. कुलूप कडक होतं, नवं होतं, दोनदा फिरवावं लागलं. म्हातारी त्यांच्या हाताखालून आत शिरली. वाटी खिडकीत होती. ती पाठ करून उभी राहिली. जरा वेळानं वळली तेव्हा तिचा चेहराच निराळा होता, भरलेला, बराचसा कडक.

अप्पा उंबऱ्याशीच थांबले होते. ही इमारत त्यांची होती. भिंतीचा पोपडा कुठे निघालाय, छताला ओल कुठे येते, हे त्यांना बाहेरून पाठ होतं. पण आतल्या कुठल्याही खोलीत त्यांनी आजवर पाऊल टाकलं नव्हतं, कारण कुणी या म्हटलं नव्हतं आणि त्यांनीही ते ऐकायला कधी थांबून पाहिलं नव्हतं.

"दारात काय उभे राहिलात?" म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली. "घर आहे. या, बसा."

शिंपिणीनं खुर्चीवरचे कपडे उचलले, आणि अप्पा आत जाऊन बसले.